आठवी खूण

मंगळवारी मी शेवटची बादली व्हरांड्यात उघडली.

बेटावर उतरणारी प्रत्येक वस्तू बंद खोलीतच उघडायची, असा आमचा नियम आहे. त्या खोलीला खिडकी नाही आणि दाराखाली फट नाही. काही पळालंच तर त्या चार भिंतींत सापडावं, एवढाच हेतू. अकरा वर्षांत मी तो नियम कधी मोडला नव्हता. त्या दिवशी पाऊस आडवा येत होता, बोटं बधिर झाली होती, आणि बादलीत नुसते ओट्स होते. झाकण सैल दिसलं. ते काढलं, तोच माझ्या बुटाशेजारून काहीतरी करडं सरकून फळ्यांखाली गेलं.

सापसुरळी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. इथे त्या पुष्कळ आहेत.

शुक्रवारी सकाळी शाईच्या पट्ट्या तपासल्या. लाकडी बोगद्यांत आम्ही शाई आणि कागद ठेवतो. आतून जो जाईल त्याची पावलं उमटतात. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. सापसुरळीची पावलं अशी नसतात. उंदराची असतात.

या बेटावर सव्वीस वर्षं उंदीर नव्हता. इथले पक्षी जमिनीवर, मुळांखाली, हाताला लागेल तिथे अंडी घालतात. गाभण मादी एक असली तरी पुरते. किती महिन्यांत किती होतात, ते गणित मला पाठ आहे. त्या सकाळी ते मी तीनदा केलं.

खोपीत होहेपा पाव तळत होते. बेट त्यांच्या कुळाचं, गोऱ्यांची जहाजं यायच्या आधीपासून. महिनाभर पक्षी मोजायला ते माझ्याबरोबर राहायला आले होते. वडीलधाऱ्यांना इथे मातुआ म्हणतात. मीही त्यांना तेच म्हणते.

"काय गं मोराग, भूत बघितलंस?"

"मातुआ, उंदीर आलाय. माझ्या बादलीतून. मी बाहेर उघडली."

त्यांनी कढई खाली उतरवली. "कधी?"

"मंगळवारी."

"आणि आज शुक्रवार! तीन दिवस तोंडात गुळणी धरून बसलीस?"

"भीती वाटली."

"ऑफिसची?"

"तेव्हा ऑफिसची. आता वेगळीच."

ते उठून सापळे काढायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

वायरलेसवर किनाऱ्यावरच्या ऑफिसातली लॉर्ना होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "सोमवारी दुपारपर्यंत सापडला तर ठीक. नाहीतर हेलिकॉप्टर येईल आणि बेटभर विष पडेल."

"आणि टाकाहे?"

"जमतील तेवढे पकडून खोपीत ठेव. बाकीचे..." तिने वाक्य सोडून दिलं.

टाकाहे हे इथले पक्षी उडत नाहीत, जमिनीवर पडलेलं काहीही, विषसुद्धा, चोचीने उचलतात. बेटावर ते तेवीस होते. आम्ही दोघं धावून धावून फार तर सहा-सात धरले असते.

आम्ही सापळे लावले. पक्ष्यांना इजा होऊ नये म्हणून ते पिंजऱ्यांचेच आहेत. शनिवारी सगळे रिकामे. रविवारीही. दिवसा रानातून चालताना सुकं पान हललं तरी मी थांबून वळून बघे. नेहमी पायात घुटमळणारे पक्षी तसेच जवळ येत होते, आणि त्यांना हाकलून द्यावंसं वाटत होतं. घाबरा रे जरा, असं एकाला मी मोठ्याने म्हणालेसुद्धा.

"त्याला कसलं सांगतेस?" होहेपा म्हणाले. "घाबरायचं कंत्राट तू घेतलंयस ना!"

"मातुआ, समजा इथे कधीच कुणी आलं नसतं. पक्षी होते हे कुणाला माहीत नसतं, गेले हेही नाही. तरी ते वाईटच झालं असतं का?"

"हे कॉलेजात शिकवलं वाटतं?"

"विचारलं होतं. मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं."

"अगं, ते आपले थोरले. आधी आलेले. आपण बघतो म्हणून ते आहेत असं थोडंच आहे?" त्यांनी सापळ्यात खाऊ लावला. "आणि उंदीर म्हणशील, तर बारके आमच्या होड्यांतून आले, मोठे तुमच्या जहाजांतून. बिचारा माणसामागोमाग येतो, आणि मार एकटा खातो."

सोमवारी सकाळी एका पिंजऱ्यात उंदरीण होती. कोपऱ्यात अंग चोरून, फासळ्यांचा भाता करून माझ्याकडे बघत होती. मी पिंजरा उचलून पोट पाहिलं. सड सुजलेले, भोवतीचे केस गेलेले, ओले.

"व्यालीय," मी म्हणाले.

तिला मी झटकन संपवलं. ते मला येतं. होहेपांनी तिच्यासाठीही प्रार्थना म्हटली, मेलेल्या पक्ष्यासाठी म्हणतात तीच. मग मी तिला टेबलावर उघडलं. गर्भाशयात प्रत्येक पिलामागे एक काळसर खूण राहते. मी दोनदा मोजल्या. आठ.

घरटं जळाऊ लाकडांच्या ढिगात मिळालं. गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं, फार तर तीन दिवसांची. सात. तीही मी संपवली. एकेक करून, हातमोजे न घालता.

दुपारी लॉर्ना म्हणाली, "आठवं?"

"मेलेलं जन्मलं असेल. आईने खाल्लं असेल. नाहीतर ओंडक्यांत कुठे घरंगळलं असेल. आईवाचून ते दोन दिवस काढणार नाही."

"असेल, असेल! मोराग, मंगळवारीही तुला सापसुरळी असेल असंच वाटलं होतं. मी हेलिकॉप्टर रद्द केलं आणि तू चुकलीस तर?"

येऊ दे म्हटलं असतं तर मला शांत झोप लागली असती. त्या झोपेची किंमत टाकाह्यांनी मोजली असती. मी खुणा पुन्हा आठवल्या, दिवस पुन्हा मोजले. एवढ्याशा पिलाला जगवणारं बेटावर आता काही नव्हतं.

"रद्द कर. पट्ट्या आणि सापळे वर्षभर मी रोज बघेन. चूक माझी होती, तसं लिही."

"लिहिलंय," लॉर्ना म्हणाली.

बाहेर होहेपा बाह्या सरसावून उरलेले ओंडके बाजूला काढत होते.

"आता कशाला, मातुआ? बेट वाचलं."

"बेट वाचलं गं. ते पिल्लू उपाशी आहे ना, कुठेतरी."

मी त्यांच्याशेजारी गुडघे टेकले आणि ढिगात खांद्यापर्यंत हात घातला. एवढ्या लहान पिलाचं ओरडणं माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी श्वास रोखून ऐकत होते. काही ऐकू येईल याची भीती वाटत होती, आणि येणार नाही याचीही.