दारापासून फाटकापर्यंत

"आपल्याच गाडीत आपलं पोर बसवायचं नाही, ही कुठली तऱ्हा म्हणायची?" मावशींनी ताटातली बटणं खळ्ळकन हलवली. "हॉटेलवाल्यानं आपल्या पोरांना शेजारच्या हॉटेलात जेवायला धाडावं, तसलं झालं हे. लोक काय म्हणतील?"

सून पोरीच्या केसांना रिबन बांधत होती. तिनं मान वर केली नाही. "तिचं पोट दुखतंय, आई."

"गेल्या रविवारी कान दुखत होता. त्याच्या आधी पाय. पोरगी आहे का दवाखाना?"

नात खुदकन हसली. आईनं रिबन आवळली तशी गप्प झाली.

मावशींनी पुन्हा ताटात डोकं घातलं. कोटाची बटणं म्हणजे मोठी माणसं, शर्टाची म्हणजे मुलं. लाल बटण म्हणजे गाडी लागणारं पोर. त्याची जागा पुढच्या ओळीत, खिडकीशी. मोत्याचं बटण म्हणजे तान्हं. शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षराला अक्षर जोडून वाचेपर्यंत चहा निवायचा, म्हणून अकरा वर्षं त्या धंद्याची आखणी अशी ताटात करत आल्या होत्या. दीड तासावरच्या थीम पार्कला घरच्या दारातून उचलायचं, पार्कच्या फाटकाशी सोडायचं, संध्याकाळी परत त्याच दारात आणून सोडायचं. कुणाला आधी घ्यायचं, कुठल्या पोराची सीट कुठं बांधायची, वाटेत कुठं थांबायचं, सगळं मावशी ठरवायच्या. तान्हं सगळ्यात शेवटी चढणार आणि सगळ्यात आधी उतरणार, हा तर त्यांचा कायदाच होता. अकरा वर्षांत एक पोर मागं राहिलं नव्हतं की कुणी कुणाच्या मांडीवर ओकलं नव्हतं. गाडी मुलगा चालवायचा. नाव मात्र मावशींचं. 'गाडी कुणाची?' 'मावशींची.' 'मग काळजी नाही.' एवढ्यावर बुकिंग व्हायचं.

आणि दर रविवारी गाडीत नात असायची. नव्या पोरांना पट्टा कसा लावायचा ते ती टक्कन लावून दाखवायची. घरची पोरगी गाडीत बसलेली दिसली की दारातल्या आयांचा निम्मा घोर तिथंच उतरायचा. पाच रविवार झाले, नात गाडीत नव्हती. आया विचारायच्या. मावशी 'परीक्षा आहे' म्हणून सांगायच्या आणि घरी येऊन सुनेवर तोंडसुख घ्यायच्या.

"बरं," मावशी उठल्या. "तिच्या जागी आज मी जाते."

सुनेचे हात थांबले. "तुम्ही नका जाऊ."

"का? आता माझंही पोट दुखणार आहे का?"

सुनेनं खिडकीतून बाहेर पाहिलं. नवरा गाडीची काच पुसत होता. एकाच जागी, गोल गोल. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मग पुढे बसा. त्यांच्याशी बोलत राहा. गप्प बसू नका."

"मला 'गप्प बसा' म्हणणारे रग्गड भेटले. 'गप्प बसू नका' म्हणणारी तूच पहिली!"

हे बोलून मावशी ऐटीत निघाल्या खऱ्या, पण पायऱ्या उतरताना ते वाक्य त्यांच्या मागं मागं येत राहिलं.

पहिलं दार शाळेतल्या बाईंचं. त्यांच्या दोन जुळ्या मुली पिशव्या पाठीला लावून फुटपाथवर नाचत होत्या. दुसरं दार न्हाव्याचं. मावशींचा मुलगा रस्त्याकडं नजर ठेवून होता, तरी गाडी ते दार ओलांडून तीन घरं पुढं गेली.

"अरे, गेलं की मागं!"

"हो हो," मुलानं ब्रेक दाबला. "विचारात होतो."

"कसल्या विचारात? दहा वेळा आलायस या दारात."

तो हसला. न्हावी, त्याची बायको आणि लाल बटणाचा गुटगुटीत पोरगा धावत धावत आले. न्हावी म्हणाला, "मावशी, आम्हाला न घेताच निघालात होय? पोरानं मागच्या खेपेला काही घाण केली नव्हती बरं!" सगळे हसले. मावशीही हसल्या.

शेवटी नर्सबाई, तिचा नवरा आणि त्यांचं आठ महिन्यांचं तान्हं. मावशींनी स्वतः सीटचा पट्टा ओढून पाहिला, तान्ह्याच्या गालाला बोट लावलं आणि पुढं येऊन बसल्या.

चौकात सिग्नल लाल होता. हिरवा झाला. गाडी हलली नाही. मागच्यानं हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्यानं. मावशींनी मुलाकडं पाहिलं. तो समोर पाहत होता. डोळे टक्क उघडे, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. दार उघडं आणि घरात माणूस नाही, तसं.

"अरे ए."

ओठ हलत होते, काही चाखून पाहत असल्यासारखे. उजवा अंगठा स्टिअरिंगच्या चाकावरचं कातडं घासत होता. घासतच होता.

"अरे, हिरवा झाला."

"हं? हो." त्यानं गिअर टाकला. "केव्हा झाला?"

रात्री झोप झाली नसेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. चहा घेतला नसेल. पण चहा त्यांनीच दिला होता, आणि झोपेत घोरलेलंही त्यांनीच ऐकलं होतं. मग त्या बोलत सुटल्या. शेजारणीची कुरापत काढली, वाण्याच्या टकलावरून विनोद केला, मुलाचं लहानपण काढलं. मुलगा 'हं' म्हणायचा. प्रत्येक 'हं'ला मावशींचा जीव खाली यायचा आणि पुढच्या वाक्याला पुन्हा टांगणीला लागायचा. पोरगी का उतरवून घेतली, ते त्यांना आता हळूहळू कळायला लागलं होतं, आणि कळू नये असं वाटत होतं.

मोठा रस्ता लागला. गाडीनं वेग घेतला. मागं जुळ्या मुली विजेचे खांब मोजत होत्या.

"अठ्ठावीस! एकोणतीस!"

"मग मी त्या वाण्याला म्हटलं," मावशी म्हणाल्या, "बाबा रे, तुझा कंगवा मला दे, तुझ्या काय कामाचा?"

'हं' आलं नाही.

"तीस! एकतीस!"

मावशींनी मान वळवली. अंगठा कातडं घासत होता. पाय मात्र खाली दाबलेला तसाच. पुढं रस्ता किंचित वळत होता आणि वळणावर पुलाचा कठडा होता, पांढरा, नुकता रंगवलेला. गाडी वळत नव्हती.

ओरडावं तर मागं गोंधळ होणार, कुणीतरी उठून ह्याच्या अंगावर पडणार. घशात ओरड आली होती. मावशींनी ती गिळली. त्यांनी आयुष्यात शिलाई मशीनखेरीज कशाचं चाक धरलं नव्हतं. ते चाक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि कठड्यापासून दूर, जरासं, शिवण वाकडी जाऊ नये इतकं जरासं ओढलं. हाताखाली मुलाचा हात होता. गार होता.

"पस्तीस! छत्तीस!"

कठडा खिडकीजवळून सरसरत गेला. इतक्या जवळून, की रंगाचे ओघळ दिसले.

"अडतीस!"

"आई, हात काय घालतेस मधे!" मुलगा वैतागून म्हणाला. "अपघात करशील."

सात खांब. सात खांब गाडी कुणीच चालवत नव्हतं आणि मागं तान्हं अंगठा चोखत झोपलं होतं.

"मला मळमळतंय," त्या म्हणाल्या. "तो पेट्रोल पंप दिसतोय ना, तिथं घे. हळू. बोलत बोलत घे. काय काय दिसतंय ते मला सांगत घे."

"आई, काय चाललंय तुझं?"

"सांग म्हणते ना!"

"ट्रक दिसतोय. पाटी दिसतेय. पंप दिसतोय," तो चिडून म्हणत राहिला आणि गाडी आत येऊन थांबली. थांबल्याबरोबर मावशींनी किल्ली फिरवून काढली आणि मुठीत घेतली. त्यांनी ती दुसऱ्या हाताखाली लपवली.

माणसं चहाला उतरली. मुलाला त्यांनी हवा भरायच्या यंत्रामागं नेलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला शिकवू नकोस. मी जन्म दिलाय तुला. मघाशी तू तिथं नव्हतास."

तो टायरांच्या ढिगावर बसला. "मला कळत नाही गं. मधला तुकडाच नसतो. बायकोनं जेवताना पाहिलं एकदा. घास हातात आणि मी नुसता बघत बसलो म्हणे. मग दोनदा. मी शपथ घातली तिला, आईला बोलायचं नाही. मला वाटलं, घरात होतंय, गाडीत होणार नाही. गाडीत मी सावध असतो."

"आणि झालं तर?"

"गाडी सोडली तर मी काय करू, आई? मला दुसरं काय येतं?" चाळिशीचा बाप्या, पण आवाज तापात कण्हणाऱ्या पोरासारखा.

मावशींनी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि वळल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या जगाला ऐकवत आल्या होत्या. ती मूठ आता उघडायची होती, तीही गिऱ्हाइकांसमोर.

"ऐका हो सगळे," त्या चहाच्या टपरीपाशी उभ्या राहिल्या. "माझ्या लेकाला काहीतरी होतंय. गाडी चालवता चालवता त्याचं भान जातं. मघाशी पुलाशी गेलं होतं. ह्या गाडीतून तुम्ही पुढं जायचं नाही."

न्हाव्याच्या बायकोनं पोराला ओढून पोटाशी धरलं. न्हावी पेला आपटून उठला. "म्हणजे आम्हाला काय मारायला नेत होता?"

"हो," मावशी म्हणाल्या. "माहीत नव्हतं, पण नेतच होते. शिव्या घालायच्या तर घाला. मी उभी आहे."

न्हावी पुन्हा खाली बसला. तयार उभ्या असलेल्या बाईला शिव्या तरी काय घालायच्या? शाळेतल्या बाई मात्र जुळ्यांचे हात धरून लांब जाऊन उभ्या राहिल्या, आणि ते पाठ फिरवणं मावशींना शिव्यांपेक्षा जास्त लागलं. नर्सबाई तान्ह्याला खांद्यावर टाकून पुढं आली. "किती वेळ जातं भान? ओठ चाटतात का? हात चाळवतात?" मावशींनी सगळं सांगितलं. "डॉक्टरांना दाखवा, उद्याच. बऱ्याचदा औषधानं आटोक्यात येतं. पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."

मग मावशींनी फोन लावला. पार्कच्या फेऱ्या मारणाऱ्या ज्या दुसऱ्या गाडीवाल्याला अकरा वर्षं 'खटारेवाला' म्हणून हिणवलं, त्यालाच.

"कोण, मावशी?" पलीकडून हसू आलं. "आज खटाऱ्याची आठवण झाली?"

"झाली. मुलांच्या सीटा आहेत ना तुझ्याकडं?"

"दोन आहेत."

"मी माझ्या देते. पट्टे कसे आहेत?"

"नवे आहेत. काय झालंय, मावशी?"

"आल्यावर सांगते. आणि हळू ये."

तो अर्ध्या तासात आला. एरवी जिभेला हाड नसलेला माणूस, पण मावशींचा चेहरा पाहून एक शब्द वाकडा बोलला नाही. मावशींनी आपल्या गाडीतल्या सीटा स्वतः सोडवल्या, त्याच्या गाडीत बांधल्या, लाल बटणाच्या पोराला खिडकीशी बसवलं, तान्ह्याला सगळ्यात शेवटी चढवलं. संध्याकाळी दारात सोडण्याचं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. गाडी निघाली. कुणी हात हलवला नाही.

सून बसनं आली. नवऱ्यानं फोन केला होता. पोरीला एका हाताशी घट्ट धरून ती पंपाच्या आवारात शिरली, आधी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग सासूपुढं येऊन उभी राहिली. पोरगी बापाकडं पळाली.

"किती दिवस माहीत होतं?" मावशींनी विचारलं.

"सहा आठवडे." "डॉक्टरकडे चला म्हणून पाया पडले त्यांच्या. त्यांनी शपथ घातली. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर…"

"तर काय?"

"तुम्ही म्हणाला असतात, माझ्या सोन्यासारख्या लेकाला वेडा ठरवतेस."

"म्हणाले असते. वर तुझ्या माहेरचाही उद्धार केला असता."

सून रडू लागली. मावशींनी तिला रडू दिलं. मोठ्या रस्त्यावरून गाड्या सूं सूं जात होत्या आणि प्रत्येक गाडीला मावशींच्या अंगावर काटा येत होता. मग त्या बोलल्या. आवाज चढवला नाही, पण एक शब्दही गिळला नाही.

"ऐक. आपली पोरगी उतरवून घेतलीस, ते आईचं काळीज. त्याला मी नाव ठेवणार नाही. पण पाच रविवार दारात उभी राहून त्याला लोकांची लेकरं आणायला जाऊ दिलंस, ते काय होतं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! ते ओझं तुझ्या डोक्यावर राहील, आणि राहावंच. मी उतरवणार नाही. माझ्या डोक्यावर त्याहून जड आहे. ह्या घरात खरं बोलायची तुला भीती वाटावी, असं तोंड मी ठेवलं, आणि त्याच तोंडाचा मला भारी तोरा होता. उद्या डॉक्टरकडे तू बोलायचंस, पहिल्या दिवसापासूनचं सगळं. मी मधे तोंड घातलं तर मला बाहेर बसव."