मामाला कुणी विचारलं

गाठ विरघळली आणि पोर नाहीशी झाली. वेझी गोंडवेच्या कामात वर्षातून एक-दोनदा असं व्हायचंच.

पोरीचं नाव झियोने, वय सहा. मुलांजे डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातून आली तेव्हा तिचा उजवा गाल पपईएवढा सुजला होता. दात हलत होते, एक डोळा मिटलेला. लहान मुलांच्या कर्करोगातला हा प्रकार जितक्या झपाट्यानं वाढतो तितक्याच झपाट्यानं औषधानं ओसरतो. पहिल्या डोसानंतर आठवडाभरात गाल उतरला. दुसऱ्या डोसानंतर पोर शेजारच्या खाटेवरच्या मुलांच्या ताटातली मक्याच्या पिठाची न्सिमा पळवायला लागली. तिची आई एनेलेसी कधी नव्हे ती हसायला लागली. आणि तिसऱ्या डोसाच्या सकाळी खाट रिकामी, घोंगडी नीट घडी करून ठेवलेली.

गाल उतरला म्हणजे आजार गेला असं नाही. आत उरलेला आजार पुन्हा डोकं वर काढतो, आणि दुसऱ्यांदा आलेला सहसा कुणाचं ऐकत नाही. हे वेझीनं आयांना, बापांना इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला ते झोपेतही सांगता आलं असतं.

संस्थेचं तीन देशांतलं काम तिच्याकडे होतं. कुठल्या इस्पितळात औषध संपत आलं, कुठल्या परिचारिकेला शिकायला पाठवायचं, लांबच्या पोरांना गाडीभाडं वेळेवर पोचतं का, हे सगळं तीच बघायची. ब्लांटायरला वॉर्डाजवळ संस्थेनं लेकुरवाळ्या बायांसाठी राहायचं घर बांधलं होतं, तेही तिच्याच देखरेखीखाली. एरवी गावात जाणं तिचं काम नव्हतं. पण झियोनेच्या बापाशी, वायसनशी, पहिल्या दिवशी ती स्वतः बोलली होती. तासभर बसून त्याला सगळं समजावलं होतं. त्यानं मान डोलावली होती आणि तिला वाटलं होतं, चला, इथं तरी निभावलं. आता तोच वायसन फोनवर एकदा म्हणाला "येतील", दुसऱ्यांदा म्हणाला "येतील बहुतेक", आणि तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही. म्हणून तिनं लुसाकाची बैठक पुढे ढकलली आणि ड्रायव्हर लॅक्सनला गाडी काढायला सांगितली.

जुलैचा, म्हणजे इकडं थंडीचा महिना होता. चिपेरोनी वाऱ्याची बारीक, गार झड सकाळभर लागून नुकतीच थांबली होती आणि डोंगर धुक्यात गेला होता. गावात पोचल्यावर वायसन घराबाहेर आला, पण तिच्याकडे बघेना.

"मी इथला घरजावई, आमायी," तो पुटपुटला. "कोंबडी कापायची तरी विचारून कापतो. मी काय सांगणार?"

ओसरीवर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती एनेलेसीची आई. ती मान वर न करता म्हणाली, "ह्याला विचारलं होतं तुम्ही? ह्याला तर आम्ही मिठाचंसुद्धा विचारत नाही."

एनेलेसी आत चुलीपाशी होती. तिनं वेझीला पाहिलं आणि पदरासारखा गुंडाळलेला चितेंजे तोंडावर घेतला. झियोने मात्र धावत आली. केस गेलेलं गुळगुळीत डोकं, अंगात भावाचं स्वेटर, गुडघ्यापर्यंत चिखल. वेझीनं तिला जवळ घेतलं, लाड केल्यासारखं करून जबड्याखालून बोट फिरवलं. उजवीकडे, कानाच्या जरा खाली, तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाला लागलं. मागच्या तपासणीत ते नव्हतं.

तिनं बोट तसंच ठेवलं, मग काढून घेतलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण म्हातारी बघत होती. म्हातारीच्या हातातली शेंग थांबली.

पोरीला परत आणायचा निरोप कुणी दिला, हे वेझीनं विचारलं. एनेलेसीच्या थोरल्या भावानं, म्हणजे मुलिहियामामानं, असं म्हातारीनं सांगितलं. बहिणी आणि त्यांची लेकरं त्याच्या पदरात. कुणाला कुठं नांदवायचं, कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला परत आणायचं, ते तोच ठरवणार. वेझीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तिला आपलीच लाज वाटली. दक्षिणेकडं मामाचा शब्द चालतो, हे देशातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तिलाही होतं. इकडच्या लग्नांत ती नाचली होती, दोन्हीकडचे मामा कसे घासाघीस करतात ते पोट धरून हसत पाहिलं होतं. पण ती उत्तरेची. तिच्याकडं पोर बापाचं. पोराबद्दल बोलायची वेळ आली की तिची नजर आपोआप बापाला शोधायची.

मामा मागच्या आवारात बांबूच्या कामट्या विणून मक्याची कणगी नीट करत होता. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. त्यानं हातातलं काम ठेवून चटई अंथरली, तिच्या घरच्यांची विचारपूस केली, थंडीबद्दल बोलला. वेझीनं झियोनेचं नाव काढताच त्यानं विचारलं, "तुमच्यातर्फे बोलणारं कोण आहे?"

"मीच बोलते, मामा."

"असं होय," तो म्हणाला आणि पुन्हा थंडीबद्दल बोलायला लागला.

ती परत पुढच्या अंगणात आली तेव्हा म्हातारीनं तिला फैलावर घेतलं. पोरीचं जगणं-मरणं बोलायला आलीस आणि एकटीच जाऊन बसलीस? अगं, पोरगी मागायला आलेला माणूससुद्धा स्वतःच्या तोंडानं मागत नाही. आपला न्खोस्वे आणतो, तो बोलतो, हा गप्प बसतो. तुला भाऊ नाही, मामा नाही? वेझीनं सांगितलं, आहेत, पण सहाशे किलोमीटरवर. म्हातारीनं अंगणात इकडं तिकडं पाहिलं. लॅक्सन गाडीच्या बॉनेटवर बसून भाजलेलं कणीस खात होता.

"हा कोण? ह्याला तोंड आहे ना? मग झालं."

लॅक्सनही इकडचा नव्हता, पार दक्षिण टोकाला नदीकाठचा होता, आणि तिथं मात्र वेझीकडच्यासारखं पोर बापाचंच. पण त्यानं हापशावर तोंड धुतलं, मयतीला जायचा कोट गाडीच्या डिकीत असायचा तो चढवला, आणि परत आला तेव्हा तो ड्रायव्हर राहिलाच नव्हता. "माझ्या मागून चल," असं त्यानं आपल्या साहेबीण बाईला सांगितलं. वेझी निमूट चालली.

लॅक्सन मामासमोर खुर्चीवर बसला आणि वेझी म्हातारीशेजारी चटईवर. तिनं तोंड उघडायचं नाही, हे ठरलं होतं.

लॅक्सननं सुरुवात झोकात केली. ही माझी बहीण, हट्टी आहे, पण मनानं वाईट नाही, असं सांगितलं. इतकं शिकूनही हिला माणसात कसं बसावं ते कळत नाही, हेही सांगितलं. त्यात त्याला जरा जास्तच गोडी वाटत होती. मग आजाराकडं वळला आणि बोलण्याची गाडी रस्ता सोडून रानात शिरली. औषधाचे दहा डोस असतात म्हणाला. वेझीनं मागून त्याच्या कोटाची बाही ओढली आणि सहा बोटं दाखवली. "सहा," लॅक्सन म्हणाला, "दहा मोठ्यांना." तेही खोटंच होतं. म्हातारी तोंडावर हात ठेवून हलायला लागली.

मामा मात्र हसला नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे, वेझीकडं न बघता, लॅक्सनला सांगायला लागला.

पोर इस्पितळात गेली तेव्हा तो तिच्या मागोमाग गेला होता. पहाटेची बस धरून, दोनदा गाडी बदलून. बायांच्या घराच्या फाटकावर राखणदारानं विचारलं, बाप आहेस का? नाही. आई तर नाहीसच. मग कोण? मामा.

"मी म्हटलं, ही पोर गेली तर तिला पुरायची जबाबदारी माझी. तो म्हणाला, मग त्या दिवशी ये."

मामानं हातातली कामटी दोन बोटांत वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली.

"दुपारपर्यंत उभा राहिलो. मग घरी आलो. जिथं माझं पाऊल जात नाही तिथं माझ्या बहिणीची लेक कशी ठेवू? उद्या काही झालं तर सगळा गाव मला विचारेल, तू काय पाहिलंस. मी काय सांगू, फाटक पाहिलं?"

आई किंवा बाप, तिसरं कुणी नाही. हा नियम राखणदाराचा नव्हता. एकदा कुणा पोराचा भाऊ म्हणवणारा एक जण आत शिरला आणि घोंगड्या घेऊन पसार झाला. त्यानंतर वेझीनंच तो नियम केला होता. अर्ध्या तासात केला होता, चहा पिता पिता. राखणदाराच्या बोलण्याचा तिला राग आला होता, पण ते बोलणं त्याच्या तोंडी आलं ते तिच्या नियमापायी. ती चटईवरून उठली. मग लॅक्सनच्या कानाशी वाकून तिनं दोन वाक्यं सांगितली.

लॅक्सन तिच्याकडं वळून बघतच राहिला. "हे मी सांगू?" तो हळूच म्हणाला. "इतकं अंगावर घ्यायची गरज नाही. म्हणू या राखणदार नवा होता."

"सांग."

लॅक्सननं कोटाची बटणं सारखी केली. "माझी बहीण म्हणते, ते फाटक तिनं बंद केलं. राखणदारानं नाही."

मामानं हातातली कामटी खाली ठेवली. कौलावरून पाणी ठिबकत होतं. तो म्हणाला, "तिला बोलू दे."

वेझीच्या तोंडात शंभर वाक्यं होती, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली. त्यातलं एकही तिनं काढलं नाही.

"मामा, चूक माझी आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं, आणि तुम्ही आपण होऊन आलात तर मी तुम्हाला दारातून हाकललं. दंड लावा, मी भरेन. पण गाठ परत आली आहे. आत्ता माझ्या बोटाला लागली. माझ्या चुकीची शिक्षा पोरीला देऊ नका."

मामानं झियोनेला हाक मारली. ती येऊन त्याच्या गुडघ्याला टेकली. वेझीनं सांगितलं तिथं त्यानं आपलं राकट बोट ठेवलं, आणि त्याचा चेहरा पालटला. पोर गुदगुल्या होतात म्हणून हसत होती.

"दंड एक कोंबडी," तो म्हणाला. "ती आईला द्या. आणि मी बरोबर येणार. तिच्या हातात काय सोडता ते मी बघणार."

"आजच चला," वेझी म्हणाली.

"आज? ही कणगी अर्धी आहे."

"तुझी कणगी पुरी होईस्तोवर मी मातीत जाईन," म्हातारी म्हणाली. "ऊठ."

संध्याकाळी मायलेकींना आणि मामाला घेऊन गाडी ब्लांटायरला पोचली. फाटकावर राखणदार होताच. वेझी खाली उतरून काही बोलणार तोच मामानं तिला हातानं थांबवलं. त्यानं टोपी काढली आणि तो उभा राहिला. राखणदारानं ओळखलं असावं, कारण त्याचीच नजर खाली गेली. त्यानं दोन्ही हातांनी फाटक उघडलं आणि बाजूला सरला.

बायांच्या घरात पुरुषाला खोली नव्हती. कोठीतली पिठाची पोती एका बाजूला सारून मामाची चटई अंथरली. बाया पहिले दोन दिवस दबकून राहिल्या, मग त्याची पाठ सोडीनात. त्यानं केलेल्या न्सिमाच्या विटा करून घर बांधता येईल म्हणायच्या. तोही म्हणायचा, बांधा, मला एक खोली ठेवा. सलाईन लावताना तो पोरीच्या उशाशी उभा राहायचा आणि परिचारिकेला प्रत्येक बाटलीत काय आहे ते विचारायचा. तिसऱ्या डोसानंतर झियोनेला ताप भरला, तोंड आलं, पाणीही गिळवेना. तेव्हा वेझीला वाटलं, आता हा उठेल आणि पोरीला खांद्यावर टाकून बसथांब्याकडं चालायला लागेल. दिवसातून तीनदा ती वॉर्डाच्या दारातून डोकावून जायची. तो चमच्यानं एकेक थेंब पाणी पाजत बसलेला असायचा.

ताप उतरला. जबड्याखालचा दाणा बारीक होत गेला आणि एक दिवस बोटाला लागेनासा झाला. डॉक्टरांनी सहावर आणखी दोन डोस दिले. मधल्या काळात संस्थेच्या घराचा नियम बदलला, शेजारी मामा-आजोबांसाठी एका खोलीच्या भिंती चढायला लागल्या, आणि बाकीच्या दोन देशांतल्या माणसांना वेझीनं विचारायला लावलं की तुमच्याकडं पोर कुणाचं.

निघायच्या दिवशी एनेलेसीनं बोचकं बांधलं. मामा डॉक्टरांचे आभार मानून आला, परिचारिकांचे मानून आला, आणि मग वॉर्डाबाहेर वेझीला शोधत आला. तो गुडघे वाकवणार एवढ्यात वेझीच सिमेंटवर खाली बसली. दोन्ही गुडघे टेकून, तळवे पोकळ करून तिनं टाळ्या वाजवल्या, मोठ्या माणसाचे आभार मानताना वाजवतात तशा, सावकाश.

मामा गडबडला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. दोन परिचारिका दारात थांबल्या होत्या.

"उठा, आमायी. लोक म्हणतील मामानं इस्पितळात बायको शोधली."

"तुम्ही आला नसता तर मी काय करणार होते, मामा?" ती म्हणाली. तिनं आणखी एकदा टाळ्या वाजवल्या.

मग तोही तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानंही वाजवल्या. दोघं पन्नाशीतली माणसं येण्याजाण्याच्या वाटेत समोरासमोर बसली होती आणि औषधांची ढकलगाडी त्यांच्यासाठी थांबली होती.

उठायची वेळ आली तेव्हा वेझीचे गुडघे काही केल्या सरळ होईनात. झियोनेनं पुढं होऊन तिचा हात धरला आणि ओढलं. वेझी उठली. पोरीच्या हातात जोर आला होता.