गोदाबाईंनी लंडनला काय सोडलं

लंडनला निघायच्या आदल्या दिवशी खुशालरावांच्या आत्या, पार्बताबाई, जठारपेठेतल्या घरी आल्या, बांधलेल्या ट्रंकांकडे पाहिलं आणि विचारलं, "तिथं सोडान काय?"

काशीला गेलेला माणूस आवडीची एखादी भाजी किंवा फळ तिथं सोडून येतो आणि जन्मभर पुन्हा त्याला तोंड लावत नाही, हे अकोल्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. विलायतेचं मात्र कुणी काही ठरवलेलं नव्हतं.

"आत्याबाई, आमी देवाले नाही चाललो," खुशालराव म्हणाले. "जानरावनं तिकिटं धाडली. राजवाडे पाहाचे, चार चर्च पाहाचे अन् वापस याचं."

"चर्च म्हंजे देऊळच. कोनाचं का असेना. जे आवडते ते सोडजो. अन् सोडलेलं वापस पाहिजे असन तर त्याच जागी जाऊन मागा लागते, हे ध्यानात ठेवजो."

खुशालराव "बरं" म्हणाले. आत्याबाईंना नाही म्हणण्यापेक्षा समुद्र ओलांडणं सोपं होतं.

जानराव, त्यांचा थोरला, तिकडं एका दवाखान्यात डॉक्टर होता. १९६१ च्या त्या उन्हाळ्यात त्यानं पंधरा दिवसांची रजा काढली आणि आई, बाप आणि कॉलेजातली बहीण ललिता यांना काय काय दाखवायचं त्याची यादी केली. खुशालरावांनी त्याच कागदाच्या मागं सोडायच्या वस्तूंची यादी केली. कँटरबरीच्या चर्चमध्ये त्यांनी कारलं सोडलं. विंचेस्टरच्या चर्चमध्ये शेपू सोडला. एका राजवाड्याच्या दारात पडवळ सोडलं; राजवाडा देवस्थानात मोडत नाही असं ललिता म्हणाली, पण पहारेकऱ्याच्या डोक्यावरची ती केसाळ टोपी पाहून खुशालरावांना तो पुजारीच वाटला होता. यातलं काहीही त्यांनी उभ्या जन्मात चाखलेलं नव्हतं.

"हे असं चालते काय, बाबा?" ललितानं विचारलं.

"न चालाले काय झालं? इथल्या देवाले माह्या आवडीनिवडी ठाऊक नाहीत."

त्यांना आवडायची एकच गोष्ट: बायकोच्या, गोदाबाईंच्या, हातची ज्वारीची भाकर. जहाजात पंधरा दिवस आणि पोराकडं पंधरा दिवस पाव खाऊन त्यांचं मन फक्त तिच्याच आठवणीवर तरंगत होतं. ती सोडायचा विचार त्यांच्या डोक्यात चुकूनही आला नाही.

गोदाबाईंनी अजून काहीच सोडलं नव्हतं. "मी पाहून राहिली," एवढंच त्या म्हणत.

थेम्सच्या काठच्या एका जुन्या राजवाड्यात त्यांनी राजाचा पलंग पाहिला नाही, आरसे पाहिले नाहीत. त्या सैपाकघरात थांबल्या. बैलबंडी आत जाईल एवढी चूल, भोवती दोरी बांधलेली, आणि दोरीबाहेर सभ्य माणसं टोप्या काढून उभी.

"जानराव, इथं कोन सैपाक करते?"

"कोनीच नाही, माय. दोन-अडीचशे वर्षं झाली, चूल पेटलीच नाही."

"अन् तरी लोक तिकीट काढून पाहाले येतेत?"

"येतेत."

गोदाबाई तिथं अर्धा तास उभ्या राहिल्या. त्यांना हलवायला पहारेकऱ्याला घंटा वाजवावी लागली.

दुसऱ्या दिवशी सेंट पॉल होतं. अडीचशेवर पायऱ्या चढून गेलं की घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. इकडं भिंतीशी कुजबुजलं की पार पलीकडं ऐकू येतं. "मंग विजापूरलेच गेलो असतो," असं म्हणत खुशालराव घुमटाच्या एका बाजूला बसले. समोर, शंभर फुटांवर, गोदाबाईंनी पदर सारखा केला आणि भिंतीला तोंड लावलं.

"देवा, मी अकोल्याची गोदा," खुशालरावांच्या कानाशी भिंत म्हणाली. "मले सैपाक कराले लय आवडते. तोच सोडला. चूल, तवा, परात, सगळं."

"थांब," खुशालराव भिंतीत म्हणाले.

दोघांच्या मधोमध चाललेली एक मडम जागच्या जागी थांबली. तिला मराठी येत नसावं. गोदाबाईंना येत होतं, पण त्या थांबल्या नाहीत.

पायऱ्या उतरताना खुशालरावांनी कायदा काढला. "आवडीचं सोडलं तरच ते सोडनं. तुले सैपाक आवडते हे मले आज समजलं."

"आवडत नोयता तर तीस वर्षं काहून केला?"

"मीच आत्याबाईले सांगतो, इले सैपाक आवडत नोयता म्हनून."

"सांगा. अन् लगेहात कारल्याचंबी सांगा."

उरलेल्या दोनशे पायऱ्या खुशालराव मोजत उतरले.

अकोल्यात आल्यावर आत्याबाईंनी तिघांचे पाय धुतले आणि मावंदं घालायला लावलं. तीर्थाहून आल्यावरचं ते जेवण नत्थुजी आचाऱ्यानं रांधलं. दुसऱ्या दिवशी नत्थुजी गेला. ललिताही अमरावतीला वसतिगृहावर गेली. जाताना एवढंच सांगून गेली, की त्या भिंतीला तिनंही तोंड लावलं होतं, काय सोडलं ते सुटीत कळेल.

गोदाबाईंनी चुलीभोवती दोरी बांधली.

पहिल्या दिवशी शेजारची वच्छला पाहायला आली. तिसऱ्या दिवशी रांग लागली. गोदाबाई हळू आवाजात सांगत, "ही चूल. इथं तीस वर्षं भाकरी झाल्या. ही फुंकनी. हात नका लावू." बाया थंड राखेकडं पाहत उभ्या राहत. काही दोनदा येत. एक म्हातारी तर आली, दोरीजवळ टेकली आणि दिवे लागेपर्यंत उठलीच नाही. जाताना वच्छलानं विचारलं, "बाई, अमरावतीच्या चर्चात सोडला तर चालन का?"

संध्याकाळी पेठेतले अकरा नवरे खुशालरावांच्या ओसरीवर जमले आणि काहीतरी करा म्हणाले.

खुशालराव आत्याबाईंकडं गेले. कारल्यासकट सगळं सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. "तिचं खरं. तुयं खोटं. कारलं, शेपू, पडवळ आजपासून खा लागन. अन् सैपाक पाहिजे असन तर जाय लंडनले मागाले."

परदेशी जायला तेव्हा सरकारी अर्ज लागे. प्रवासाच्या कारणापुढं खुशालरावांनी प्रामाणिकपणे लिहिलं: पत्नीने तेथे सोडलेला स्वयंपाक परत आणणे. सहा आठवडे खानावळीच्या डब्यावर काढल्यावर उत्तर आलं. सदर वस्तू देशाबाहेर नेताना जाहीर केली होती काय, आणि तिच्यासारखी वस्तू देशात तयार होत असल्यास आयातीची गरज काय, याचा खुलासा मागवला होता.

दुसऱ्या प्रश्नावर खुशालराव दोन दिवस विचार करत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते दोरीखालून वाकून आत गेले, चूल पेटवली आणि परातीत पीठ घेतलं. बाहेर रांग होती. ती पुढं सरकली. पहिली भाकर हातातच फाटली. दुसरी तव्यापर्यंत गेली आणि तिथं तिचे दोन तुकडे झाले. बायांनी जागा सोडली नाही.

गोदाबाई मधल्या खोलीत, भिंतीपलीकडं बसल्या होत्या. सैपाक सोडला होता. बोलणं सोडलं नव्हतं.

"पीठ चांगलं मळा," भिंत हळूच म्हणाली. "अन् पानी गरम घ्या."

खुशालरावांनी पिठाचे हात वर धरले आणि भिंतीला कान लावला.

"किती गरम?" त्यांनी भिंतीला विचारलं.