पाच-नऊ, पुन्हा सांगा

००१

सकाळचे सात. स्पर्धा सुरू झाली. आमच्या हॅम रेडिओ क्लबची तेवीस जणांची आयोजन समिती, मी सोडून, त्या वेळी खालच्या अंगणात, एकाच रंगाचे टी-शर्ट घालून, भाषणं ऐकत होती. अध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन सचिव, सजावट विभाग, छायाचित्रण विभाग. नुसत्या खानपान विभागात सात जणी. रेडिओवर बोलायचा परवाना तेविसांत दोघांकडे. एक अध्यक्ष मास गालिह (मास म्हणजे दादा), इंजिनिअरिंगच्या सातव्या वर्षाला, चार वर्षांचा कोर्स. दुसरी मी, रुकमी. पैकी मास गालिह भाषण करत होता.

मी गच्चीवरच्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. पहिला सापडला नागोयाचा एक खोकणारा म्हातारा.

"तुम्ही पाच-नऊ, शून्य शून्य एक."

पाच-नऊ म्हणजे तुमचा आवाज घंटेसारखा स्वच्छ येतोय. पुढे आपल्या संपर्काचा क्रमांक. एवढं सांगायचं, समोरच्याचं ऐकायचं, लॉगमध्ये लिहायचं, पुढचा गाठायचा. बारा तासांत जितके जमतील तितके. आणि स्पर्धेत सगळे सगळ्यांना पाच-नऊच देतात. कढईत काहीतरी तळल्यासारखा आवाज आला तरी पाच-नऊ. "पाच-नऊ, पाच-नऊ! नाव पुन्हा सांगा, काहीच ऐकू आलं नाही."

हा खोटेपणा फक्त रेडिओवाल्यांचा, असं मला तोपर्यंत वाटायचं.

०१४

खालून कर्ण्यावर उपकुलगुरू पाक सुहार्सोनो. (इथे साहेबालाही पाक म्हणतात, म्हणजे बाप. बापाचं चुकत नाही.)

"पहिल्या तीन कॉलेजांत आलात तर ही खोली तुमची. नाही आलात तर मोबाइल गेमवाल्या मुलांना द्यावी लागेल. त्यांच्याकडे निदान ट्रॉफ्या आहेत."

टाळ्या. आपलंच छप्पर काढून घेण्याच्या धमकीला इतक्या मनापासून टाळ्या आमच्या मलांग शहरात दुसऱ्या कुणी वाजवल्या नसतील.

माझ्या घरी रेडिओ नाही. भाडेकरणीला कौलांवर अँटेना लावू देणारी घरमालकीण अजून जन्माला यायची आहे. ही खोली गेली की माझा परवाना म्हणजे पाकिटातला एक फोटो. फोटोही वाईट आलाय.

०३८

उद्घाटनाचा पिवळ्या भाताचा डोंगर केकसारखा कापून झाल्यावर मंडळी वर आली. आठ वाजून बारा मिनिटं. मी सिबूच्या एका बाईशी बोलत होते.

पाकांनी रेडिओकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं. घड्याळात एक वाजून बारा.

"हे काय? घड्याळ बंद पडलंय तुमचं?"

आता हे शाळकरी पोरालाही ठाऊक असायला हवं, निदान रेडिओ क्लबच्या अध्यक्षाला तरी. जगभरचे रेडिओवाले लॉगमध्ये ग्रीनिचची वेळ लिहितात, मलांगच्या सात तास मागची. भिंतीवरचं घड्याळ त्याच वेळेवर होतं. लॉगचा कॉम्प्युटरही.

मास गालिहला ते ठाऊक होतं. त्याने मान झुकवली आणि म्हणाला, "माफ करा, पाक. आमचं दुर्लक्ष झालं."

पाक खुर्चीवर चढले. स्वतःच्या हातांनी काटे फिरवले. छायाचित्रण विभागाने चार बाजूंनी फोटो काढले. पाक उतरले, टाळ्या पडल्या, आणि मास गालिह माझ्या खांद्यावरून वाकून कॉम्प्युटरची वेळही बदलून गेला. भिंतीवर एक आणि पडद्यावर एक, बरं दिसत नाही म्हणे.

०३९

आधीची नोंद: ०१:१२. ही नोंद: ०८:१९. मी बोलत राहिले. बोलणं थांबवलं तर क्रमांक थांबतो.

०४० ते ०४३

हे चार मास गालिहने केले, फोटोसाठी. एकाला आपलं नाव दोनदा सांगितलं आणि त्याचं विचारायला विसरला.

१७७

दुपारी नुनिंग तेंपेचं, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या वड्यांचं, ताट घेऊन वर आली. ती खानपान विभागाची प्रमुख. मास गालिह तिच्या मागून, दात कोरत.

"मास, वेळ मागे घे," मी हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाले. "प्रत्येक संपर्क समोरच्याच्या लॉगशी ताडून बघतात. सात तासांचा फरक निघाला की शून्य."

"अगं, पाकांनी स्वतःच्या हाताने लावलंय. कॉलेजच्या पानावर फोटो चढलाय. चारशे लाइक!"

"भिंतीवरचं राहू दे. लॉग दुरुस्त कर. दोन मिनिटांचं काम. पासवर्ड तुझ्याकडे आहे."

"आणि लॉगमध्ये एक वेळ, फोटोत दुसरी? उद्या कुणी विचारलं तर पाकांचं तोंड कुठे राहील?"

"आणि खोली कुठे राहील?"

"खोलीचं होतं गं. पाक खूश असले की सगळं होतं."

म्हणजे खोली जाणार ती पाकांच्या हुकमाने, पाकांनीच लावलेल्या घड्याळामुळे. आणि ती वाचवायची नाही, कारण पाकांना वाईट वाटेल.

"मास, तू गेमवाल्यांचाच अध्यक्ष हो ना," नुनिंग ताट ठेवत म्हणाली. "खुर्ची तरी बदलावी लागणार नाही."

तो हसला. चांगला हसतो. त्यावरच निवडून येतो.

२४१

संध्याकाळचे सात. शेवटचा संपर्क दावाओचा. माझा घसा गेला होता. लॉग पाठवायची मुदत आठपर्यंत. पण आधी समारोप. पाक पुन्हा वर आले, पुन्हा टी-शर्टांची रांग.

"कशी झाली स्पर्धा?"

"उत्तम, पाक," मास गालिह.

"आणि आपलं घड्याळ? नीट चाललंय ना?"

"एकदम अचूक, पाक!" तेवीस वजा दोन, एका सुरात. वजा म्हणजे मी आणि नुनिंग.

पाच-नऊ. पाच-नऊ. पाच-नऊ.

"तीन-तीन, पाक," मी म्हणाले. घोगरा आवाज आला. "म्हणजे धड कळत नाही आणि क्षीण."

"काय म्हणते ही?"

मास गालिहने माझी बाही ओढली. मी सांगितलं. घड्याळ बरोबर होतं. तुम्ही ते चुकवलंत. लॉग असाच गेला तर दोनशे तीन संपर्क शून्य, मग तुम्ही खोली काढून घ्याल. आता सात वाजून वीस झालेत.

पाकांच्या मानेपासून वर रंग चढत गेला.

"मग सकाळी कुणी बोललं का नाही?"

एकवीस टी-शर्ट आपापल्या चपला बघू लागले.

"तुम्ही खूश दिसत होतात, पाक," नुनिंग म्हणाली.

पाकांनी भिंतीकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची ओढली, चढले, काटे मागे फिरवायला धरले आणि कॅमेरेवाल्याला म्हणाले, "काढ."

क्रमांक नाही

०३९ पासूनच्या वेळा सात तास मागे घेऊन लॉग सात एक्कावन्नला गेला. दोन महिन्यांनी निकाल: तिसरे. कॉलेजच्या पानावर दुसरा फोटो आहे, खाली ओळ: पाक सुहार्सोनो यांच्या चाणाक्ष नजरेमुळे वेळेची चूक वेळीच दुरुस्त. दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी. पण दाराच्या आत रेडिओ आहे आणि किल्ली माझ्याकडे.

पुढच्या वर्षीची समिती एकतीस जणांची. माझं नाव खानपान विभागात.

काल मास गालिहचा निरोप आला. "रुकमी, शेवटी सगळं किती छान जुळून आलं, नाही?"

मी उत्तर पाठवलं. "पाच-नऊ, मास. पुन्हा सांगा, काहीच ऐकू आलं नाही."