दोन्या तुलियाच्या मुलाची हेलातीना

फानोर किंतेरोचं तोंड आधी बोलून मोकळं व्हायचं आणि आपण काय बोललो ते फानोरला मागाहून कळायचं. धंदाच तसा होता त्याचा. जुन्या गाडीच्या टपावर भोंगा बांधून तो गावभर फिरायचा आणि कोण वारलं, कुणाकडे रविवारी गरम तामाल मिळतील, कुणाचा पोपट उडाला, हे सांगत सुटायचा. गाव त्याच्या भोंग्यावर विश्वास ठेवायचं. त्याच्यावर ठेवायचं नाही, आणि यात गावाचं काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी डोक्यावरचे केस गेलेले असताना जो माणूस मिशीला काळा रंग लावतो, त्याच्यावर आपणही ठेवला नसता, असं तो स्वतःशी कबूल करायचा. आणि मग रंग लावायचा.

त्या आठवड्यात तो धाकटी बहीण एदिल्मा हिच्याबरोबर चौकातल्या बेकरीत कॉफी पीत बसला होता, तेव्हा आरासेली आत आली. आरासेली म्हणजे एकेकाळची शेजारची मुलगी. ऐन तारुण्यात स्पेनला गेली, तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करत राहिली आणि आता केस आखूड कापून, ते पांढरे आहेत तसेच ठेवून परत आली होती.

"फानोर? तूच ना रे? सकाळी भोंगा आला आणि मी अंथरुणात उठून बसले. म्हटलं, हा अजून बोलतोच आहे!"

फानोर उभा राहिला. पोट आत घेतलं. ते फार वेळ आत राहणार नाही हे ठाऊक असल्यामुळे लगेच खालीही बसला.

आरासेली खुर्ची ओढून बसली. तिकडे सगळं मिळायचं, म्हणाली, पण दोन्या तुलियाची हेलातीना, ती गुळाची चिवट वडी, कुठली मिळायला? "ती जेलीची रंगीत अस्वलं मिळायची पिशवीतली. चपलेचा पट्टा चावल्यासारखं वाटायचं. तुमच्या आईची वडी कशी, दातांना धरून ठेवायची आणि मग आपणहून सोडायची. आता कोण करतं तुमच्याकडे?"

खरं उत्तर अगदी सोपं होतं. आई गेल्यापासून कुणी करत नाही.

"मी," फानोरचं तोंड म्हणालं.

एदिल्माची कॉफी नाकातून बाहेर आली.

"तू करतोस? बाई गं!" आरासेली म्हणाली.

"रविवारी ये ना," तोंड पुढे म्हणालं. "ताजी खाऊ घालतो."

घरी परतताना एदिल्मा अर्धा रस्ता नुसती हसत होती. उरलेल्या अर्ध्या रस्त्यात बोलली.

"तुला अंडं उकडता येत नाही, फानोर. मागच्या खेपेला भांडं जळलं आणि अंडं कच्चं राहिलं."

"मी आईला बघत मोठा झालो."

"बघत? वडीसाठी गाईचे पाये उकळायला लागले की नाक धरून सायकल काढायचास आणि सुटायचास. आई हाका मारून दमायची."

"लांबून बघत होतो."

"बरं," एदिल्मा म्हणाली. "मग मी मधे पडत नाही. तूच कर."

फानोरने गुरुवारी खाटकाकडून गाईचे चार पाये आणले. "सुपाला का?" खाटकाने विचारलं. फानोरने खरं सांगितलं, आणि खाटकाने सुरा हातात धरूनच रांगेतल्या बायकांना ओरडून कळवलं की फानोर हेलातीना करतोय. आयुष्यात पहिल्यांदाच फानोरची जाहिरात कुणीतरी फुकट केली होती आणि पहिल्यांदाच ती व्हायला नको होती.

पाये दिवसभर उकळले. तो जुना वास सगळ्या घरात भरला आणि फानोरचे पाय सवयीने सायकल शोधू लागले, पण तो टिकून राहिला. वर आलेली चरबी त्याने काढली, हाडं बाजूला केली, चिकट पाणी गाळून घेतलं, त्यात गूळ फोडून टाकला आणि ढवळत बसला. पाक कुठवर न्यायचा हे त्याला पुसटसं आठवत होतं. थेंब गार पाण्यात टाकला की त्याची मऊ गोळी व्हायला हवी. गोळी होईना. तेवढ्यात दारावर कुणी आलं, कुणाची तरी हरवलेली बकरी भोंग्यावरून सांगायची होती, आणि बकरीच्या शिंगांचा आकार नीट समजून घेऊन फानोर परत येईपर्यंत झारा कढईत आपल्या आपण उभा होता.

एदिल्माने झारा हलवून पाहिला. कढईसकट उचलला गेला.

"टाकू नकोस," ती म्हणाली. "कुणाच्या तरी थडग्यावर बसवता येईल."

दुसऱ्या घाण्याला त्याने धडा घेतला आणि पाक लवकर उतरवला. फारच लवकर. परातीत गार होऊन गोळा झाला खरा, पण हातात घेतला की बोटांमधून खाली यायचा. तरी फानोर तो घेऊन मागच्या अंगणात गेला. तिथल्या खांबाला आईचं दोन फाट्यांचं लाकडी दुबेळकं अजून ठोकलेलं होतं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. गोळा त्यावर टाकायचा, लांब ओढायचा, दुमडायचा, पुन्हा झटक्याने टाकायचा. असं करत राहिलं की तपकिरी गोळा फुगत, उजळत पांढराशुभ्र होतो. आई हे करायची तेव्हा ओले कपडे आपटल्यासारखा आवाज यायचा. फानोरने दोन्ही पाय फाकवले, आरासेली समोर उभी आहे अशी कल्पना केली आणि सगळं बळ एकवटून गोळा भिरकावला.

नेम चुकला. गोळ्याने लांबत जाऊन खांबाला वळसा घातला आणि तो फानोरच्या तोंडावर येऊन बसला.

एदिल्मा धावत आली तेव्हा तो बोलायचा प्रयत्न करत होता, आणि तिला आधी वाटलं की देवाने शेवटी ऐकलं. कोमट पाण्याने तोंड सुटलं. मिशी काही सुटेना. तेल लावलं, साबण लावला, मग एदिल्माने कात्री आणली, आणि कात्रीनंतर उरली ती गोष्ट इतकी केविलवाणी होती की वस्तरा फिरवण्यावाचून इलाज नव्हता.

"हं, बघू," म्हणत तिने त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. काहीतरी बोचरं बोलायच्या तयारीत होती. पण "अगदी आई," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

फानोर बराच वेळ आरशापुढे उभा राहिला. मिशीमुळे आपण रुबाबदार दिसतो, असं तो इतकी वर्षं समजत आला होता. आता त्याच्या लक्षात आलं की मिशीमुळे तो फक्त कमी दिसत होता.

शनिवारी त्याने हार मानली आणि हमरस्त्याच्या वळणावर रोस्मिराची टपरी होती तिकडे गाडी काढली. तिच्याकडे पांढरी, काळी, दोन्ही हेलातीना मिळायची. कुणी ओळखू नये म्हणून त्याने टोपी कपाळावर ओढली आणि बारीक आवाज काढून म्हणाला, "बाई, पांढरी द्या एक डबा."

"घसा बसला का रे, फानोर?" रोस्मिरा म्हणाली. "आणि मिशी कुठाय?"

"धुवायला टाकलीय."

"बरं केलंस. फार रंग जायचा तिचा."

रविवारी त्याने रोस्मिराच्या वड्या डब्यातून काढून आईच्या ताटलीत मांडल्या, वरून मक्याचं पीठ भुरभुरलं, आणि थोडं स्वतःच्या सदऱ्याला नि गालालाही लावलं. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, एवढी कारागिरी त्याच्यात होती.

दार उघडलं तर आरासेली उंबऱ्यावरच थबकली. तिच्या हातात घडी केलेला एप्रन होता.

"देवा रे. मला वाटलं दोन्या तुलियाच दार उघडतेय."

फानोरने हे कौतुक म्हणून घेतलं. दुसरं काही म्हणून घ्यायची सोय नव्हती.

तिने ताटलीतली वडी उचलली, चावली आणि छताकडे बघत राहिली. फानोरही छताकडे बघू लागला.

"रोस्मिराची," ती म्हणाली.

"काय?"

"अरे, आल्यापासून रोज घेतेय मी तिच्याकडून. ती दालचिनी घालते. तुमच्या आईने कधी घातली नाही."

 फानोरचे कान तापले, आणि मिशी नसल्यामुळे उरलेला चेहराही लाल झालेला सगळा दिसला असणार.

"मला येत नाही," तो म्हणाला. "कधीच येत नव्हती."

एवढी छोटी जाहिरात त्याने जन्मात केली नव्हती.

आरासेलीने एप्रनच्या नाड्या मागे बांधल्या. "मला बेकरीतच वाटलं होतं. कॉफी एदिल्माच्या नाकातून उगीच नाही आली. पण मी खायला आलेच नाहीये. करायला आलेय. भांडं कुठाय?"

फानोर सांगणार होता की भांड्यात काही नाही. पण स्वयंपाकघरातून तो ओळखीचा वास येतच होता, आणि तो गुरुवारचा शिळा वास नव्हता.

"सुपाला ठेवलेत पाये," एदिल्मा आतून म्हणाली. "पहाटेपासून."

चुलीशेजारी फोडलेला गूळ तयार होता.

"सुपात गूळ?" फानोरने विचारलं.

"तू गप्प बैस."

"म्हणजे तुला पाक येतो?"

"आईला कढईपाशी मीच तर मदत करायची."

"मग गुरुवारी बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर बघत मोठा झालेलास."

गोळी पाण्यात बरोबर जमली तेव्हा एदिल्माने कढई उतरवली. पण पुढचं तिलाही ठाऊक नव्हतं. ओढायचं काम आईने कुणाला कधी करू दिलं नव्हतं. ते आठवत होतं आरासेलीला. लहानपणी ती कुंपणाच्या भिंतीवर बसून तुकडा मिळायची वाट बघायची.

"हाताने नाही फेकायची ती. कमरेतून. आणि प्रत्येक झटक्याला एक शिवी."

"आई शिव्या द्यायची?" फानोर म्हणाला.

"तू सायकलवर असायचास ना, कळणार कसं? एक महापौराला, एक गुळाच्या भावाला, एक तुझ्या बापाला. आणि मग पुन्हा महापौर."

फानोरने महापौरापासून सुरुवात केली. कमरेतून फेकणं जमलं नाही, पण शिवी खणखणीत जमली, आणि गोळा दुबेळक्यावर बसला. आरासेली टाळ्या वाजवून हसली. त्यामुळे गुळाच्या भावाला त्याने जरा जास्तच जोर लावला, आणि बापाच्या वेळी आईचं जुनं दुबेळकं कडकन मोडलं.

"सोडू नको!" आरासेली ओरडली आणि तिने पुढे होऊन खाली चाललेलं टोक झेललं.

आता एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. ठेवायला जागा नाही, सोडायची सोय नाही. ती मागे सरकली, तोही सरकला, मधल्या गोळ्याची दोरी ताणली गेली. मग दोघं जवळ आले, दुमडली, पुन्हा मागे. पहिल्या काही खेपांना तिच्या पायावर त्याचा पाय पडला. एदिल्मा थोडा वेळ बघत उभी राहिली आणि मग धुतलेले कप पुन्हा धुवायला आत गेली.

"किती दिवस आहेस?" फानोरने विचारलं. हे मात्र त्याने विचार करून विचारलं होतं.

आरासेलीने दोरी दुमडली. "ज्या बाईंकडे होते, त्या वसंतात गेल्या. त्यांच्या घरची माणसं चांगली होती. आभार मानले, मिठी मारली, आणि दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावलं. मी दोन बॅगा घेऊन फूटपाथवर. एवढी वर्षं राहिले, पण रस्त्यात हाक मारायला कुणी नव्हतं. तेव्हा पहिली कसली आठवण आली सांगू? या चिकट वडीची. कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटली." ती मागे सरकली. "परतीचं तिकीट काढलेलं नाहीये."

 फानोरने दोरी ओढली.

गोळा पांढरा झाला नाही. तपकिरीचा तांबूस झाला, तांबूसचा दुधाच्या कॉफीसारखा झाला, आणि तिथेच अडून बसला. दंड भरून आले तेव्हा त्यांनी तो पिठात लोळवला आणि एदिल्माने वड्या पाडल्या, एकही दुसरीसारखी नाही.

आरासेलीने चावली. या वेळी फानोर छताकडे बघत बसला नाही, सरळ तिच्याकडे बघत राहिला.

"ही तिची नाही," ती म्हणाली.

"नाही."

"दाताला धरते, पण सोडत नाही."

"जरा वाट बघ," फानोर म्हणाला.

तिने आणखी एक उचलली.

त्यांची हेलातीना पांढरी व्हायला पुढे अख्खा पावसाळा जावा लागला. तोवर आरासेली रविवारी उजाडताच येऊ लागली होती, मग शनिवारी संध्याकाळीच येऊ लागली, आणि एके दिवशी एदिल्माने कुणाला न विचारता मागची खोली झाडून तिथे स्वच्छ चादर घातली. शेजारपाजारच्यांनी फानोरला गाठून विचारलं, तेव्हा "दमट हवेत गोळा लवकर बसतो" असं काहीतरी असंबद्ध बोलून तो सटकला. पहिली खरीखुरी पांढरी वडी निघाली त्या दिवशी ती ताटलीत मांडायलाही कुणी थांबलं नाही. तिघांनी परातीभोवती उभ्याउभ्याच संपवली, आणि फार गोड झालं म्हणून दोघींनी फानोरला खारट चीज आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं.