त्यूपचा जव पंधरा सोम

मित्रांनो, नारीन शहराजवळच्या आमच्या गावात दूध संकलन केंद्राच्या दारापाशी टांगलेला तो हिरवा फळा मीच. आता माझा रंग उडाला आहे आणि उजव्या कोपऱ्यात तडा गेला आहे.

मला घडवले ते गावातल्या सुताराने, शाळेसाठी. एकोणीस वर्षे मी भूगोलाच्या वर्गात काढली. मग शाळेत पांढरे, चकचकीत फळे आले आणि मला कोळशाच्या ढिगावर झाकण म्हणून टाकले. दोन हिवाळे माझ्याकडे कोणी पाहिले नाही. खोटे कशाला सांगू, फार वाईट वाटले.

मला तिथून उचलले बुरुलसूनने. ती केंद्रावर दूध मोजून घ्यायची. तिने मला धुतले, भिंतीला लावले आणि दर सोमवारी माझ्यावर जव, मका नि कोंड्याचा भाव लिहू लागली. आधी फक्त आमच्या बाजाराचा.

एका शरद ऋतूत आमच्याकडे जव किलोला चोवीस सोमवर गेला; सोम म्हणजे आमचा रुपया. धान्याचा व्यापारी एमिल सांगत सुटला, "सगळीकडे हीच रड आहे. आत्ता घ्या, नाहीतर तीस होईल."

झूराकान अपा ही गावातली म्हातारी. तिच्याजवळ चोल्पोन नावाची एकच गाय उरली होती, तीही गाभण. दुधाची बादली ठेवत ती म्हणाली, "बुरुलसून, रविवारी चोल्पोनला बाजारात नेते. उपाशी ठेवण्यापेक्षा दुसऱ्याच्या गोठ्यात पोटभर खाईल."

बुरुलसूनने खिंडीपलीकडच्या त्यूप गावी दिलेल्या आपल्या नणंदेला फोन लावला आणि मग खडू घेऊन माझ्यावर लिहिले: 'त्यूप – जव पंधरा सोम.'

दुपारपर्यंत माझ्यासमोर गर्दी जमली. एमिलही आला.

"एजे, ताई, हे पुसा," तो म्हणाला. "तो भाव तिथला. मधे डोलोनची खिंड आहे. धान्याला काय पाय असतात?"

"खोटं लिहिलं असेल तर पुसते," बुरुलसून म्हणाली. "खोटं आहे का?"

मागून झूराकान अपा म्हणाली, "धान्याला पाय नसतील बाबा, पण माझ्या जावयाच्या ट्रकला सहा चाकं आहेत. नुसता माझ्या दारात उभा असतो, माझ्यासारखाच."

लोक हसले. एमिलही हसला, पण जरा उशिरा.

अकरा घरे एकत्र आली. बुधवारी ट्रक त्यूपहून जव आणायला निघाला. शुक्रवारी परतायचा, तर खिंडीत बर्फ पडले आणि रस्ता बंद झाला. रविवार उजाडला तरी पत्ता नाही. झूराकान अपाने चोल्पोनच्या गळ्यात दावे अडकवले, केंद्रापर्यंत आणली आणि माझ्यासमोर थांबली. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नसे.

"काय लिहिलंय गं?"

"तेच, अपा. पंधरा."

"मग अजून एक दिवस पेंढ्यावर काढेल ती," अपा म्हणाली आणि गाय माघारी वळवली.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्यावरच्या दोन आकड्यांची भीती वाटली. कुणीतरी त्यांच्या भरवशावर घरी चालले होते.

सोमवारी सकाळी ट्रक आला, टपावर वीतभर बर्फ घेऊन. भाडे, डिझेल सगळे धरून जव अठरा सोमला पडला. पुढच्या आठवड्यात एमिलने आपला भाव एकोणीसवर आणला. बुरुलसूनने तोही त्याच्या नावासकट लिहिला.

"माझं नाव नीट लिहा, एजे," तो म्हणाला.

"भाव नीट ठेव, नाव आपोआप नीट दिसेल," ती म्हणाली आणि त्याला चहा दिला.

चोल्पोनला वसंतात कालवड झाली. आता माझ्यावर चार गावांचे भाव असतात. माणसे बादल्या ठेवून आधी मला वाचतात, मग एकमेकांची खुशाली विचारतात. मी सुखात आहे.

एवढेच मागणे आहे, मित्रांनो. मला कोरड्या फडक्याने पुसा, ओल्याने रंग सुटतो. आणि भाव चढो की उतरो, जो असेल तोच लिहा. चष्मा नसलेली एखादी म्हातारी दुसऱ्याला विचारून, त्यावर विसंबून, गाय घरी नेत असते.