पाठ केलेलं वाक्य

मुलीने मोबाइलवर दोन मिनिटं लावली आणि चिठ्ठी बापासमोर सरकवली. ‘तुमच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या व्यक्तीविषयी बोला.’

ब्रदरने घसा खाकरला. इस्पितळात सगळे त्याला ब्रदरच म्हणत. वीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. परदेशातल्या एका इस्पितळाने नोकरी देऊ केली होती, पण आधी इंग्रजीची परीक्षा. लिहिण्यात तो तरला होता. बोलण्यात दोनदा आपटला. परवा तिसरी खेप.

“बाबा, खाकरणं इंग्रजीत चालत नाही.”

“खोकला सगळ्या भाषांत सारखाच असतो. इतकी वर्षं तेच ऐकतोय.”

“बोला, वेळ चाललाय.”

तो बायकोविषयी बोलू लागला. पाठ केलेलं होतं, त्यामुळे गाडी सुरळीत चालली. ती कशी हसायची, आजारपणातही त्याच्या डब्याची काळजी कशी करायची. मुलगी मान डोलावत होती. पुढचं वाक्य जिभेवर आलं तेव्हा समोर कोण बसलंय ते त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर ते सुटलं होतं. शेवटच्या क्षणी मी तिचा हात हातात घेऊन बसलो होतो, असं तो इंग्रजीत म्हणाला.

मुलीची मान थांबली.

इंग्रजीच्या क्लासमध्ये हे वाक्य असंच येऊन गेलं होतं. मग पुढे काय झालं, असं बाईंनी विचारलं आणि तोंडातून हेच निघालं. बाईंचे डोळे भरून आले. “हेच ठेवा, ब्रदर,” त्या म्हणाल्या. त्याने ठेवलं. आरशासमोर घोटून घोटून इतकं गुळगुळीत केलं, की कुठे अडखळायला होत नव्हतं.

बायको गेली त्या सकाळी तिची नाडी त्यानेच पाहिली होती. हाताला कळायचं ते कळलं होतं. तरी सराव परीक्षा आहे असं सांगून तो पायात चपला सरकवून निघाला. मोबाइल क्लासच्या पेटीत जमा केला. परक्या माणसांच्या उशाशी तो तासन्‌तास बसला होता; घरात त्याला बसवेना. हात धरून बसली ती ही मुलगी, एकोणीस वर्षांची.

दोन मिनिटं संपली, मोबाइल वाजला. तिने तो बंद केला.

“व्याकरण बरोबर आहे,” ती म्हणाली.

“ते वाक्य काढून टाकतो.”

“कशाला? मार्क मिळतायत ना?”

हा टोमणा होता की नाही, त्याला कळेना. त्याने चिठ्ठी दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली. वर्ष होत आलं होतं. बाकी सगळं बोलून झालं होतं. ही एक गोष्ट तिने सांगितली नव्हती आणि त्याने विचारली नव्हती.

“ती...” चिठ्ठीकडे बघतच तो म्हणाला, “काही म्हणाली का?”

मुलगी नखाने टेबलाची कड खरवडू लागली.

“तुमचा पेपर सुटला का, विचारत होती. दोनदा विचारलं.”

“मग?”

“मी म्हटलं, सुटला. बाबा जिन्यात आहेत.”